पाणी किती?

आमच्या घरात रोज रात्री नऊ वाजता एक प्रश्न विचारला जातो. "उद्या कोण वार?" विचारणारा माझा धाकटा भाऊ आणि उत्तर देणारी मी. त्याचे खरे नाव इथे लिहीत नाही. घरात आम्ही त्याला बाळ म्हणतो, तेच इथेही म्हणते. बाळ आता चौदा वर्षांचा आहे, त्याला मिसरूड फुटू लागली आहे आणि उंचीत त्याने मला केव्हाच मागे टाकले आहे. प्रश्न मात्र तोच आहे आणि उत्तरही ठरलेले आहे. "उद्या बुधवार. ताई कॉलेजला, बाबा दुकानात, आई घरी, बाळ शाळेत." यातले एकही नाव पुढेमागे होता कामा नये. कधी अभ्यासाच्या नादात मी नुसते "बुधवार" म्हणून मोकळी होते. मग तो शांतपणे पुन्हा पहिल्यापासून विचारतो, "उद्या कोण वार?"

त्याला वार ठाऊक नसतो असे मुळीच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकटीवर त्याने स्वतःच्या हाताने फुली मारलेली असते. म्हणजे हा प्रश्न माहितीसाठी नाही. मग तो कशासाठी आहे? हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्या वर्षांत माझ्या हातून एक चूकही झाली आणि एक महापूरही येऊन गेला. ते सारे एकदा लिहून काढावे असे फार दिवस मनात होते.

बाळ साडेतीन वर्षांचा असताना पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्या कागदावर 'ऑटिझम' असे लिहिले. मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. मूळ शब्दातल्या ग्रीक 'ऑटोस'चा अर्थही 'स्वतः' असाच आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी तो शब्द घडवला, तोही एका निराळ्याच आजाराचे लक्षण सांगण्यासाठी. आता हा शब्द इतका रुळला आहे, की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण बाळाकडे पाहताना मला तो नेहमी उलटा वाटतो. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला बाहेरचे ऐकू येत नाही. बाळाला तर बाहेरचेच फार ऐकू येते. ट्यूबलाइटची गुणगुण त्याला ऐकू येते, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी त्याला दिवसभर टोचत राहते आणि शेजारच्या काकूंचा मिक्सर सुरू झाला की तो कानांवर हात घेऊन न्हाणीघरात जाऊन बसतो.

आणि चपला! आमच्या दारात चपलांची एक रांग असते. भिंतीकडून पहिली बाबांची, मग आजीची, मग आईची, मग माझी आणि शेवटी बाळाची. ही व्यवस्था बाळाची. आलेल्या पाहुण्यांच्या चपलाही तो रांगेत घेतो. जाताना पाहुण्यांना मोठी गंमत वाटते. पण या रांगेतली खरी गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. बाबा दुकानात गेले, की रांग सरकून जवळ येत नाही. भिंतीजवळ बाबांच्या चपलांपुरती जागा मोकळी राहते. ती दिवसभर तशीच असते.

नातेवाईक मंडळींनी या सगळ्याला आपापली नावे ठेवली. कोणी म्हणाले, "हट्टी आहे." कोणी म्हणाले, "आईनं फार लाडावून ठेवलंय." एका आत्याबाईंनी तर आईच्या तोंडावर सांगितले, "तू नोकरी करत होतीस ना, पोराकडं बघायला कुणी नव्हतं, म्हणून असं झालं." आईने काही उत्तर दिले नाही. नोकरी मात्र तिने सोडली.

पुढे मानसशास्त्र हा विशेष विषय घेतल्यावर मला कळले, की आमच्या आत्याबाई एकट्या नव्हत्या. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. स्वमग्नतेच्या अभ्यासाची ठळक सुरुवात तिथून मानतात. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच सहा मुलांचे बारकाईने वर्णन केले होते, पण ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. कॅनर यांना जे दिसले ते वाचताना मला आमचे दारच दिसू लागले. सर्व काही होते तसेच राहावे, अशी या मुलांची विलक्षण ओढ होती. खोलीतले सामान हलले, रोजची वाट बदलली, एखाद्या गोष्टीचा क्रम चुकला, की ती व्याकूळ होत. इतके अचूक पाहणाऱ्या कॅनर यांनी या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाचीही नोंद केली आणि पुढच्या काळात त्या नोंदीचे आरोपपत्र झाले. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तो आरोप घरोघरी पोचवला. वास्तविक १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, आईच्या मायेशी याचा संबंध नसून मूळ कारण मेंदूच्या घडणीत आहे असे साधार मांडले होते. आज तो आरोप कोणताही जाणता माणूस करीत नाही. हे सारे मी एका संध्याकाळी आईला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढं इंग्रजी पुस्तकात लिहिलंय होय?" आणि मग बराच वेळ तिने एकच जुडी निवडली.

आता माझ्या चुकीविषयी. मी बारा वर्षांची होते आणि बाळ सहा. 'सवय लागते तशी मोडताही येते' असे शाळेत कोणाच्या तरी भाषणात ऐकले होते. आपणच बाळाला बरे करू, असे मी मनाशी ठरवले. एका रविवारी दुपारी सगळे झोपले असताना मी चपला विस्कटून टाकल्या आणि तो धावत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. "काही होत नाही, बघ, काही होत नाही," असे मी म्हणत होते. आधी तो किंचाळला. मग त्याने हात सोडवून घेतले आणि स्वतःच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. ती खूण अजून आहे. पुढच्या दोन रात्री तो झोपला नाही आणि त्यानंतर कितीतरी दिवस जेवायलाही आत येईना. दाराशी बसून चपलांवर पहारा करू लागला. मी त्याची एक सवय मोडायला गेले आणि आणखी एक लावून बसले. मला कोणी रागावले नाही, याचेच मला फार वाईट वाटले.

यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेला महापूर आला. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. आमच्या वाड्याच्या तिसऱ्या पायरीवर २००५ सालच्या पुराची रेघ होती. जुनीजाणती माणसे त्या रेघेकडे बोट दाखवून सांगत, "२००५ ला इथवर आलं होतं. याच्यावर काय येत नाही." बाबांचाही त्या रेघेवर विश्वास होता. बघता बघता पाणी रेघेवरून गेले. आम्ही एक कागदपत्रांची पिशवी, आजीची औषधे आणि अंगावरचे कपडे एवढ्यानिशी मिरजेला मावशीकडे गेलो.

मावशीच्या घरात आम्ही आणि आमच्यासारखेच आणखी एक कुटुंब मिळून अकरा माणसे होतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. त्या दिवसांत पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढले. आणि अख्ख्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न होता. "आयर्विनला किती?" बाबा तासातासाला एकाच मित्राला फोन करीत आणि हेच विचारीत. पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्या कोणी आकडा सांगितलेला असला तरी विचारीत. आकडा कळून ते काय करणार होते? दुकान तर बुडालेच होते. आई कागदपत्रांची पिशवी उघडी, रेशनकार्ड, आधार, घराची खरेदी, बँकेचे पुस्तक असे मोजी, बंद करी आणि अर्ध्या तासाने पुन्हा उघडी. आजीच्या हातातली माळ थांबत नव्हती. मावशी कोणी मागत नसताना चहा टाकत होती. मी चौदा वर्षांची होते. खाटेवर बसून मी हे सर्व पाहत होते आणि एकाएकी माझ्या मनात आले, की ही सगळी माणसे बाळासारखी वागताहेत.

बाळ पहिला दिवस खाटेखाली डोके घालून पडून होता. दुसऱ्या दिवशी तो उठला आणि मावशीच्या दारातल्या अकरा माणसांच्या चपला लावू लागला. मावशीचे यजमान बाहेर निघाले होते, ते जरा खेकसलेच. बाबा म्हणाले, "असू द्या. लावू द्या त्याला." त्या रात्री बाबा कुठूनसे पाण्याची बातमी घेऊन परत आले. दमले होते, भिजले होते. दारात क्षणभर उभे राहिले, खाली पाहिले आणि आपल्या चपला भिंतीकडच्या पहिल्या जागेवर नीट जोडून ठेवल्या. बाळाने ती जागा मोकळी ठेवली होती.

नऊ वाजले. तो गुरुवार होता, ८ ऑगस्ट. बाळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "उद्या कोण वार?"

"उद्या शुक्रवार," मी म्हटले. "ताई..." आणि मला पुढे बोलता येईना. शाळेत पाणी होते, दुकानात पाणी होते, घरी पाणी होते. ते वाक्य पुरे करायला माझ्याजवळ एकही जागा उरली नव्हती. बाळ वाट पाहत होता. शेवटी मी म्हटले, "ताई मावशीकडे, बाबा मावशीकडे, आई मावशीकडे, बाळ मावशीकडे." त्याने ते एकदा स्वतःशी म्हटले आणि जाऊन झोपला. त्या वाक्यात त्याच्या ओळखीचे एकही ठिकाण नव्हते. पण वाक्य तेच होते आणि माणसांचा क्रम तोच होता. काही बदलूच नये, असे त्याचे म्हणणे नव्हते तर! बदल सांगून यावा आणि ओळखीच्या वाटेने यावा, एवढेच तो मागत होता.

पुढे अभ्यासात याचा उलगडा करणारी एक मांडणी मला भेटली. आपला मेंदू समोरचे जसेच्या तसे टिपून घेत नाही. आता काय येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो आणि अंदाज बरोबर निघाला तर तिकडे लक्षही देत नाही. काळोखात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे वाटून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन निघावी, तेव्हा सगळ्या अंगाला जो हिसका बसतो, तो या अंदाजाचा पुरावाच म्हणायचा. मनगटावरचे घड्याळ आपल्याला दिवसभर जाणवत नाही, पंख्याचा आवाज थोड्या वेळाने ऐकू येत नाही, ही सगळी या अंदाजाची कृपा. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ साली असे सुचवले, की स्वमग्न माणसांच्या अनुभवात पूर्वीच्या ओळखीचा हा भाग कमी मिसळतो आणि समोरचे जग त्यांच्यावर अधिक कोरेपणाने, अधिक जोराने येऊन आदळते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतले पवन सिन्हा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली याच दिशेने मांडणी केली. पुढे काय होणार याचा अदमास घेणेच जर अवघड असेल, तर साधे रोजचे जगही जादूच्या खेळासारखे विनाकारण, अचानक घडत राहणार. जादूचा खेळ तासभर बरा. जन्मभर त्यात राहायचे तर माणूस काय करील? जे आपल्या हातात आहे, जे नक्की पुन्हा तसेच होईल, ते तो घट्ट धरील.

या मांडण्या आहेत, शेवटचा शब्द नव्हे. स्वमग्न मुले एकमेकांपासून इतकी वेगळी असतात, की एका किल्लीने सगळी कुलुपे उघडतील असे मानणे धाडसाचे ठरेल. पण माझ्यापुरते एवढे नक्की झाले, की पुरात आम्ही आठवडाभर जसे जगलो, तसा बाळ बारा महिने जगतो. आम्हाला पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा पातळी विचाराविशी वाटली. त्याच्या उंबऱ्याशी ते रोजच असते. "उद्या कोण वार?" म्हणजे त्याचे "आयर्विनला किती?" आहे.

मात्र सगळी पुनरावृत्ती भीतीपोटीच असते असे समजणे हाही अन्यायच. बाळाला सांगली ते पुणे या एस.टी.च्या वाटेवरची गावे पाठ आहेत. "सांगली, आष्टा, इस्लामपूर, पेठ, कऱ्हाड, उंब्रज, सातारा, शिरवळ, स्वारगेट." संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या घालत तो हे म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नसतो. मी चिडवायला मध्येच पेठ गाळले, तर तो हसतो आणि पुन्हा सांगलीपासून सुरू करतो. हे निव्वळ सुख आहे. आपणही आवडते गाणे शंभरदा ऐकतो. लहानपणी काऊचिऊची गोष्ट ऐकताना कोणी चिमणीचे घर शेणाचे आणि कावळ्याचे मेणाचे केले, तर आपण खवळून उठत होतोच की! वारीचे मुक्काम ठरलेले असतात म्हणून वारकऱ्याला कोणी हट्टी म्हणत नाही. खूप माणसांनी मिळून तेच ते केले की ती परंपरा होते आणि एकट्या मुलाने केले की ते लक्षण ठरते, एवढाच काय तो फरक!

तरीही क्रमाचा तुरुंग होऊ शकतो, हे मी नाकारीत नाही. एकाच कंपनीच्या बिस्किटाचे वेष्टन बदलले म्हणून बाळ दोन दिवस उपाशी राहिला होता, तेव्हा घरातल्या कोणालाही त्यात सौंदर्य दिसले नव्हते. म्हणून जाणकार सांगतात, की क्रम मोडू नका, त्यालाच हाताशी धरून पुढे चला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने १९७२ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात मुलांना दिवसाचे वेळापत्रक चित्रांतून समोर मांडून देण्याची पद्धत विकसित झाली. आता ती जगभर वापरतात. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरही चित्रांची एक पट्टी आहे. त्यात एक निळे कार्ड आहे, ज्यावर नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे. ते लावले की आज काहीतरी वेगळे घडणार. आधी ते आठवड्यातून एकदा लावत होतो, आता दोनदा लावतो. वेगळे घडण्यालाही पट्टीत एक जागा मिळाली, म्हणून ते त्याला सोसते.

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. पुढे तो बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळत राहिला, परदेश हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी आपल्या गावातच वारला. गावाला त्याच्या सवयी ठाऊक होत्या आणि गावाने त्या चालवून घेतल्या. असे गाव प्रत्येकाला मिळत नाही. पण एखादे दार, एखादी गल्ली, एखादा वर्ग तरी तसा होऊ शकेल की नाही? आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आहे. कायद्याने शाळेचे दार उघडते. आत गेल्यावर चपला कुठे काढायच्या, हे मात्र कायद्यात लिहिलेले नसते. ते आपणच सांगायचे असते.

हे माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष. पुढे पुण्याला एम.ए. करायचे मनात आहे. म्हणजे "ताई कॉलेजला" हे शब्द बाळाच्या वाक्यातून जाणार. त्याची रंगीत तालीम म्हणून मी मागच्या डिसेंबरात चार दिवस पुण्याला मैत्रिणीकडे राहून आले. दोन आठवडे आधीपासून कॅलेंडरच्या त्या चार चौकटींत लाल एस.टी. काढून ठेवली होती. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करायचा, असे ठरले होते.

पहिल्या दिवशी सगळे ठीक झाले. दुसऱ्या दिवशी स्वारगेटजवळ गर्दीत अडकले, त्यात फोन बंद पडला आणि घरी लागला तो नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी. माझ्या छातीत धडधडत होते. आई म्हणाली, "अगं, ओरडला नाही. नऊला फोनपाशी येऊन बसला, मग स्वतःच म्हणाला, 'उद्या शनिवार. ताई पुण्याला, बाबा दुकानात, आई घरी, बाळ शाळेत.' दारातल्या तुझ्या चपलांची जागा मोकळी ठेवलीय बघ." मग तिने फोन त्याच्या कानाला लावला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो काही विचारीत नव्हता. त्याला आता विचारण्याची गरज नव्हती.

परक्या खोलीत, परक्या गादीवर मी बसले होते. खाली रस्त्यावर वाहनांचा न संपणारा आवाज चालू होता. मीच विचारले, "बाळ, उद्या कोण वार?"

त्याने सगळे नीट, क्रमाने सांगितले. एकही नाव गाळले नाही. शेवटी म्हणाला, "ठेव." मी फोन ठेवला आणि मला झोप लागली.